पत्रक राहू द्या, दोन ओळी आणि एक विनोद काढा

ताई, नमस्कार.

मी मिलमधून हिशेबनीस म्हणून निवृत्त झालो. बाळीवेस भागात राहतो. आम्ही चार-पाच जण दर रविवारी वाचनालयात बसून लोकांना तक्रारअर्ज लिहून देतो. वीजबिल, विमा, बिल्डर, जे येईल ते. यंदा आम्ही ‘वकील लावताना’ नावाचं एक पानी पत्रक काढलं. वर सात सूचना, खाली हसवायला चार विनोद. गणपतीत आमच्या मंडळाच्या पोरांनी त्यावरच बतावणी बसवली. वकील, अशील आणि तारीख अशी तीन पात्रं. तारीख शेवटपर्यंत स्टेजवर येतच नाही. लोक पोट धरून हसले. वकिलाच्या पात्राला पोरांनी आपल्याकडच्या एका वकिलांची लकब दिली होती, ती लोकांनी ओळखली आणि शिट्ट्या मारल्या.

चार दिवसांनी वकिलांच्या एका संघटनेचं पत्र आलं. पत्रक आणि बतावणीमुळे व्यवसायाची बदनामी झाली, न्यायालयाचा अवमान झाला, सात दिवसांत लेखी माफी मागा, पत्रकं परत घ्या. नाहीतर फौजदारी करू, शिवाय तुमचं वकीलपत्र कुणी घेऊ नये असा ठराव करू. माझा घराच्या वाटपाचा दावा चालू आहे. त्यात माझा सख्खा भाचा त्याच कोर्टात ज्युनिअर वकील आहे. ‘मामा, बार रूममध्ये माझ्याकडं बघून बोलतात’ म्हणाला आणि घरी यायचा बंद झाला. बायको म्हणते माफी मागून मोकळे व्हा. काय करू? दोन्ही कागद सोबत जोडलेत.

– अण्णा, सोलापूर

अण्णा, नमस्कार.

वहिनींचं ऐकून माफीनामा लिहायला घेतला असेल तर तो बाजूला ठेवा. आणि रागाच्या भरात आणखी प्रती छापायला टाकल्या असतील तर प्रेसवाल्याला फोन करून थांबवा.

उत्तराआधी माझी बाजू तुम्हाला ठाऊक असलेली बरी. मी स्वतः सनद असलेली वकील आहे. अर्धं आयुष्य इथल्याच कोर्टात मोटार अपघाताचे आणि नवरा-बायकोचे दावे चालवण्यात गेलं. वकिलाला जाहिरात करता येत नाही, बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतला ३६वा नियम तसं सांगतो, म्हणून या सदराखाली माझं नाव नसतं. तेव्हा मी तुमच्या बाजूने बोलतेय असं वाटलं तरी माझा बाक पलीकडचा आहे, हे धरून वाचा.

संघटनेचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिला परिच्छेद सगळा विनोदांवर: थोर परंपरा, स्वातंत्र्यलढ्यातले वकील, काळ्या कोटाची प्रतिष्ठा. वाचणाऱ्यालाही वाटावं, खरंच की, उगाच कुणाची टिंगल कशाला. पण मागणीवर आलात की विनोद मागे पडतात. पत्रकातल्या ज्या वाक्यांखाली त्यांनी रेघ मारली आहे ती दोन्ही वाक्यं सूचनांमधली आहेत: ‘दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती मागा’ आणि ‘निकालाच्या रकमेत टक्का ठरवू नका’. चारही विनोदांखाली एक रेघ नाही. म्हणजे रुसवा विनोदावर आहे आणि दुखतंय सूचनेने. तुम्हाला उत्तर देताना या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या आहेत, कारण त्यांनी त्या मुद्दाम किंवा सवयीने एकत्र बांधल्या आहेत.

हे सोलापुरातच घडतंय असं समजू नका. १ जुलै १९९३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत एक माणूस बंदुका घेऊन वकिलांच्या कचेरीत शिरला आणि त्याने आठ जणांना मारलं. त्यानंतर काही दिवसांतच कॅलिफोर्नियाच्या स्टेट बारच्या, म्हणजे तिथल्या वकिलांच्या संस्थेच्या, अध्यक्षांनी वकिलांवरचे विनोद आता थांबवा, असं जाहीर आवाहन केलं. वकिलाला गुरासारखं फासात पकडण्याची बिअरची एक जाहिरात तेव्हा टीव्हीवर होती, तीही त्यांना खटकली होती. त्यामागचं दुःख खोटं नव्हतं. विनोद काही थांबले नाहीत, पण कुणावर कारवाईही झाली नाही. आता त्याच देशातली दुसरी गोष्ट पाहा. नोलो नावाचं एक प्रकाशन सामान्य माणसाला मृत्युपत्र, भाडेकरार, छोटे दावे स्वतःचे स्वतः कसे करावेत हे शिकवणारी पुस्तकं काढतं. टेक्सासमध्ये १९९८ साली या पुस्तकांची चौकशी सुरू झाली, विनापरवाना वकिली केल्याच्या संशयावरून. १९९९मध्ये तिथल्या विधिमंडळाने कायदाच बदलला आणि अशा पुस्तकांना मोकळीक दिली. विनोदावर आवाहन निघालं आणि माहितीवर चौकशी. तुमच्या पत्रातल्या रेघा कुठे मारल्यात ते आता पुन्हा बघा.

आता धमक्या. तीन आहेत, तिन्हींचं वजन वेगळं आहे.

अवमानाची धमकी पोकळ आहे. १९७१चा न्यायालय अवमान कायदा न्यायालयाचा अधिकार आणि न्यायदानाचं काम यांचं रक्षण करतो. वकील न्यायालयाचा अधिकारी मानला जातो हे खरं, पण फी घेताना पावती मागा असं म्हटल्याने कुठल्याही न्यायालयाचा अधिकार कमी होत नाही. एक पथ्य पाळा: स्वतःच्या वाटपाच्या दाव्याबद्दल किंवा कुठल्याही चालू दाव्याबद्दल, न्यायाधीशांबद्दल, पत्रकात किंवा बतावणीत अवाक्षर नको. तुमच्या कागदांत तसं काही नाही.

बदनामीची धमकी मात्र नीट समजून घ्यायला हवी, कारण ती पूर्ण पोकळ नाही. १ जुलै २०२४ पासून दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तिचं कलम ३५६ बदनामीचं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा. त्या कलमाच्या स्पष्टीकरणात संघटनेची किंवा व्यक्तिसमूहाची बदनामीही धरली आहे. पण कुठला समूह? सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये जी. नरसिंहन यांच्या प्रकरणात सांगून ठेवलं आहे की तो समूह निश्चित आणि ओळखता येण्याजोगा हवा. ‘वकील’ हा एवढा अफाट वर्ग आहे की त्यावरचा शेरा अमुक एकाला लागला असं म्हणता येत नाही. एका हिंदी सिनेमातल्या संवादाने वकिलांची बदनामी झाली अशी तक्रार १९७०च्या दशकात पाटणा उच्च न्यायालयापर्यंत गेली होती, तिथेही ती याच कारणाने टिकली नाही.

दुसऱ्या बाजूला अलीगढचं प्रकरण आहे. तिथल्या एका वर्तमानपत्राने गावातले सरकारी वकील आणि सहायक सरकारी वकील लाच खातात अशा अर्थाचं लिहिलं. १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, एका गावातले सरकारी वकील हा मोजता येणारा, ओळखता येणारा गट आहे, आणि संपादकाची शिक्षा कायम राहिली. लोकहितासाठी लिहिलं हा बचाव चालला नाही, कारण आरोपाला आधार दाखवता आला नाही.

म्हणून अण्णा, तुमच्या पत्रकाच्या तळाची ती ओळ काढा: ‘सोलापूर कोर्टातले दहापैकी आठ वकील दोन्हीकडून खातात.’ कुठून आणला हा आकडा? ज्यांनी मोजलं ते कोण? गावाचं नाव, कोर्टाचं नाव, गंभीर आरोप आणि पुरावा शून्य. ही ओळ अलीगढच्या बाजूला झुकते. ती विनोद नाही आणि सूचनाही नाही. मिलमध्ये हिशेब लिहिणाऱ्या माणसाने व्हाउचरशिवाय रक्कम टाकावी, याचं मला जास्त वाईट वाटलं.

बतावणीतल्या लकबीचंही तेच. वकिलाचं पात्र घमेंडखोर असू दे, विसरभोळं असू दे, दर वाक्याला ‘पुढच्या तारखेला बघू’ म्हणू दे. पण बोलण्याची ढब एका माणसाची, चालणं त्याचंच, आणि प्रेक्षकांतून त्याच्या नावाने शिट्ट्या, म्हणजे वर्गावरचा विनोद एका घराच्या दारात जाऊन उभा राहिला. बदनामीची तक्रार करायला ज्याला झळ लागली तो माणूस लागतो, आणि तुमच्या पोरांनी तो तयार करून दिला आहे. पुढच्या प्रयोगाला पात्राला दुसरी चाल द्या. त्या वकिलांना भेटून ‘पोरांनी तुमची नक्कल करायला नको होती’ एवढं तोंडी बोलायला हरकत नाही. ते त्यांच्याशी बोलायचं आहे, संघटनेशी नाही.

सिनेमांच्या बाबतीत आपलं उच्च न्यायालय कुठून कुठे आलं हेही माहीत असू द्या. २०१७ साली ‘जॉली एलएलबी २’ प्रदर्शित होण्याआधी एका वकिलाच्या याचिकेवर औरंगाबाद खंडपीठात सुनावणी झाली आणि चार दृश्यं कापावी लागली. सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र मिळालेलं असताना. २०२५ मध्ये त्याच मालिकेतल्या तिसऱ्या सिनेमाविरुद्ध वकील-न्यायाधीशांची थट्टा होते म्हणून याचिका आली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने ती फेटाळली, आणि थट्टा तर पहिल्या दिवसापासून सोसतोय, आमची काळजी करू नका, अशा अर्थाचं मुख्य न्यायमूर्ती म्हणाले. खुर्चीत बसलेल्यांना जे सोसतं ते बार रूममध्ये का सोसत नाही, हा प्रश्न मी माझ्या सहकाऱ्यांना अधूनमधून विचारते. उत्तर म्हणून चहा येतो.

तिसरी धमकी तुम्हाला झोप लागू देत नसणार: वकीलपत्र कुणी घेऊ नये असा ठराव. याबद्दल तर शंकेला जागाच नाही. कोईमतूरला वकील आणि पोलिसांत हाणामारी झाली आणि तिथल्या बारने आरोपी पोलिसांचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही असा ठराव केला. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. डिसेंबर २०१० मध्ये न्यायालयाने सांगितलं की असे ठराव राज्यघटनेच्या आणि व्यवसायाच्या नीतीच्या विरुद्ध आहेत, ते रद्दबातल समजावेत. बार कौन्सिलच्या नियमांतही आहे की वकील ज्या कोर्टात काम करतो तिथलं काम त्याने स्वतःच्या योग्यतेला साजेशा फीत स्वीकारायचं, खास कारण असेल तरच नाकारायचं. तुमचे वाटपाच्या दाव्यातले वकील काय म्हणतात ते त्यांना सरळ विचारा. त्यांनी सोडायचं ठरवलं तर पुरेसं कारण आणि वाजवी मुदतीची नोटीस द्यावी लागते, आणि न केलेल्या कामाची फी परत करावी लागते. तेही नियमातच आहे. माझा अंदाज, ते सोडणार नाहीत. संघटनेचं पत्र आणि रोजच्या कोर्टातली माणसं यांत बरंच अंतर असतं.

इथे एक फरक पक्का करून घ्या, कारण तुमच्या पत्रकातही तो गोंधळलाय. बार असोसिएशन म्हणजे वकिलांची सभासद संघटना. ती सनद देत नाही, काढत नाही आणि नागरिकाला दंड करत नाही. सनद देते आणि वकिलाविरुद्धची तक्रार ऐकते ती बार कौन्सिल, १९६१ च्या अधिवक्ता कायद्याने स्थापन झालेली. आपल्यासाठी महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिल. तुम्हाला पत्र आलंय ते पहिल्या प्रकारच्या संघटनेचं. लेटरहेडवर तराजू छापला म्हणून ती न्यायालय होत नाही.

त्याच संघटनांचं एक देणंही कबूल करायला हवं. कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं बेंच हवं म्हणून या जिल्ह्यांतल्या वकिलांनी कित्येक वर्षं मोर्चे काढले, उपोषणं केली. १८ ऑगस्ट २०२५ पासून तिथे सर्किट बेंच बसतं आणि सोलापूरच्या पक्षकाराची मुंबईची खेप वाचते. त्याचा फायदा तुमच्या रविवारच्या बाकावर येणाऱ्या माणसालाही आहे. पत्रकात याचा उल्लेख करा असं मी म्हणत नाही, मनात मात्र राहू द्या.

आता काढायची दुसरी ओळ. संघटनेच्या लक्षात ती आलेलीच नाही, याची मला मौज वाटली. तुमची सातवी सूचना: ‘वकिलाने फसवल्यास ग्राहक आयोगात तक्रार करा.’ हे आता चालत नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००७ मध्ये वकिलाची सेवाही ग्राहक कायद्यात येते असं म्हटलं होतं. वकिलांच्या संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १४ मे २०२४ रोजी निकाल लागला: वकील ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. डॉक्टर १९९५ पासून येतात, वकील नाहीत. कारणांपैकी एक असं की वकील अशिलाच्या सांगण्याप्रमाणे चालतो, त्याच्यावर अशिलाचा थेट ताबा असतो, म्हणून तो व्यक्तिगत सेवेचा करार ठरतो. पंधरा तारखा वकिलाच्या मागे फिरलेल्या अशिलाला हे वाचून दाखवा आणि त्याचा चेहरा बघा. मी स्वतः काही बोलत नाही, सनद अजून चालू आहे.

पण हा निकालच तुमच्या पत्रकाचं सगळ्यात मोठं समर्थन आहे. मिक्सर बिघडला तर आयोग आहे, विमा नाकारला तर आयोग आहे. वकिलाच्या बाबतीत मागाहून जायचं ते सोपं दार बंद झालं. उरतं काय? दिवाणी न्यायालयात निष्काळजीपणाचा दावा, म्हणजे एका वकिलाविरुद्ध दुसरा वकील आणि पुन्हा वर्षं. किंवा बार कौन्सिलकडे अधिवक्ता कायद्याच्या कलम ३५ खाली गैरवर्तनाची तक्रार, जिथे समज देण्यापासून सनद रद्द करण्यापर्यंत शिक्षा आहेत, पण तुमचे गेलेले पैसे हातात येतील असं नाही. कायदा म्हणतो की तक्रारीचा निकाल वर्षात लागावा, नाहीतर प्रकरण दिल्लीला बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. नंतरचे उपाय इतके अवघड असतील तर आधी सांगितलेल्या चार गोष्टींची किंमत वाढते. वकिलांच्या संघटनांनी ग्राहक कायद्यातून सुटका मागितली आणि मिळवली. आता ‘सावध राहा’ एवढं म्हणणाऱ्या कागदालाही त्यांनी हरकत घेतली, तर अशिलाने करायचं काय?

म्हणून सूचना ठेवा, आणि आणखी धारदार करा. धार आरोपाने येत नाही, अण्णा, नियमाने येते. पावतीच्या सूचनेपुढे लिहा की अशिलाच्या पैशाचा हिशेब ठेवणं आणि मागितल्यावर त्याची प्रत देणं हे बार कौन्सिलच्या नियमांनीच वकिलावर बंधन घातलंय. टक्क्याच्या सूचनेपुढे लिहा की निकालावर अवलंबून फी ठरवायची नाही, मिळालेल्या रकमेत वाटा घ्यायचा नाही, हा त्याच नियमावलीतला २०वा नियम. मोटार अपघाताच्या दाव्यात हा टक्का किती सर्रास बोलला जातो ते मी पाहिलंय. विधवा बाईला भरपाई मंजूर झाली की घरी पोचणारी रक्कम आणि निकालातली रक्कम यांत फरक का, हे तिला कुणी सांगत नाही. या दोन वाक्यांखाली संघटनेने रेघ मारली असेल तर ती रेघ त्यांच्याच नियमांखाली आहे. उत्तरात हेच लिहा.

तुमच्या पत्रकात कागद अडकवून ठेवण्याबद्दल काहीच नाही, आणि रविवारी तुमच्याकडे सगळ्यात जास्त रडगाणं त्याचंच येत असणार. फी राहिली म्हणून वकील फाइल देत नाही. मध्य प्रदेशातल्या एका सहकारी बँकेच्या फायली वकिलाने अशाच धरून ठेवल्या होत्या. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की फीच्या वसुलीसाठी अशिलाचे कागद अडकवण्याचा हक्क वकिलाला नाही, तसं करणं गैरवर्तन आहे. फी थकली तर त्याने वसुलीचा वेगळा मार्ग धरावा. हे चार ओळींत मोठ्या अक्षरात छापा.

तारखेबद्दलही एक सूचना हवी, नुसता विनोद पुरणार नाही. दर तारखेला काय झालं ते कोर्टाच्या रोजनाम्यात लिहिलेलं असतं. ई-कोर्ट्सच्या ॲपवर आपल्या दाव्याचा सोळा अंकाक्षरी सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख आणि दाव्याची स्थिती दिसते, त्याला वकिलाला फोन लागत नाही. रोजनामा वाचला की कळतं तारीख कुणी मागितली: कधी समोरच्याने, कधी आपल्याच वकिलाने, कधी साहेब रजेवर, आणि कधी कधी अशील स्वतः लग्नाला गेलेला. दिवाणी प्रक्रिया संहितेत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुबी द्यायच्या नाहीत असं लिहिलंय, पाळलं किती जातं ते तुम्ही बतावणीत दाखवलंच आहे. त्यातही माझं एक म्हणणं: तारखेचा सगळा दोष वकिलावर टाकणं सोपं असतं, न्यायाधीशांच्या रिकाम्या जागा स्टेजवर दाखवणं अवघड.

कोऱ्या कागदावर सही नको, वकीलपत्र वाचून सही करा, त्यात तडजोड करण्याचाही अधिकार दिलेला असतो, आणि मूळ कागद देताना यादीवर पोच घ्या. हे तुमच्याकडे आहेच, तसंच राहू द्या.

ज्या सूचनेसाठी मी सातवीची जागा रिकामी करतेय ती मोफत वकिलाची. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला, मग तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. औद्योगिक कामगाराला मिळतो, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला मिळतो, कोठडीतल्याला मिळतो. आपल्या गावात विड्या वळणाऱ्या बायका किती, यंत्रमागावर राबणारे किती! त्यांतल्या किती जणींना ठाऊक आहे की जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयातच असतं? ही सूचना तेलुगूत आणि कन्नडमध्येही छापा. अशोक चौकातल्या म्हातारीला मराठी ऐकून कळतं, पण कागद हातात धरून वाचायला तिला तिची लिपी लागते.

आपल्याकडे म्हणतात, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. ती म्हण कुणी मागे घ्यायला लावली नाही अजून. पण ज्याचा घरातला हिस्सा भाऊ दाबून बसलाय त्याला या म्हणीचा काय उपयोग? पायरी चढावीच लागते, तुम्हीही चढलात. चढताना कठडा कुठे धरायचा एवढं तुमचं पत्रक सांगतं, त्यामुळे मला ते म्हणीपेक्षा जास्त वकिलांच्या सोयीचं वाटतं. सावध अशील वकिलाला त्रास देत नाही. कागद वेळेवर आणतो, फी ठरलेली देतो, दर आठवड्याला दारात येऊन रडत नाही. चांगल्या वकिलाला असाच अशील हवा असतो.

आता तुमच्या चार विनोदांकडे येते. तीन जुनेच आहेत, त्यातला ‘फी दिल्यावर अशिलाचा रक्तदाब कमी आणि वकिलाचा आवाज मोठा’ मी स्वतः बार रूममध्ये ऐकलाय. वकील आपसांत जे बोलतात त्याच्या निम्मंही तुम्ही छापलेलं नाही. हे तिन्ही राहू द्या.

चौथा काढा. ‘ज्युनिअर म्हणजे सिनिअरचा चालता-बोलता झेरॉक्स, तोही फुकट.’ तुमचा भाचा घरी का येत नाही, याचं उत्तर मला इथे दिसतं. तुम्ही समजताय तो व्यवसायाच्या अपमानाने दुखावला. मला तसं वाटत नाही. जिल्हा कोर्टातला ज्युनिअर सकाळी सिनिअरच्या घरी फायली लावतो, दिवसभर या कोर्टातून त्या कोर्टात पळतो, तारखा घेतो, संध्याकाळी पुन्हा चेंबर. महिन्याच्या शेवटी हातात काय पडतं ते तो आईलासुद्धा सांगत नाही. अनेकांना काहीच पडत नाही. बाकीचे तीन विनोद ताकदवानावर आहेत, हा एकटा त्या पोरावर आहे, आणि तो त्याच्या मामाने छापलाय. बार रूममध्ये त्याच्याकडे बघून हसले असतील ते तुमच्या पत्रकावर नाही, त्याच्यावरच.

त्याला या भांडणात निरोप्या करू नका. संघटनेत काय चाललंय ते त्याच्याकडून काढून घेऊ नका, तुमच्यासाठी रदबदली करायला सांगू नका, आणि काहीही झालं तरी तुमचं वकीलपत्र त्याच्याकडे देऊ नका. त्याला अजून तिथे आयुष्य काढायचं आहे.

संघटनेला उत्तर मात्र द्या, मुदतीच्या आत, स्पीड पोस्टाने, आणि पोच जपून ठेवा. उत्तर अर्ध्या पानाचं असू द्या. पत्रक ग्राहकांच्या माहितीसाठी आहे. त्यातल्या पावती आणि टक्क्याबाबतच्या सूचना बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांवर आधारलेल्या आहेत. आधाराशिवायचं एक वाक्य आणि कायदा बदलल्यामुळे कालबाह्य झालेली एक सूचना आम्ही काढली आहे, सुधारित प्रत सोबत जोडली आहे. मजकुरात काही चुकीचं असेल तर नियमाच्या उल्लेखासह कळवावं, दुरुस्त करू. वकीलपत्र न घेण्याच्या ठरावाबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या निकालाकडे लक्ष वेधतो. बस. ‘माफी’, ‘दिलगिरी’, ‘भावना दुखावल्या असल्यास’ यांतलं काही नको. चुकीची ओळ काढली हे सांगणं वेगळं आणि बरोबर ओळीबद्दल माफी मागणं वेगळं, हे वहिनींनाही सांगा. त्यांनी खरंच फौजदारी दाखल केली आणि समन्स आलं तर मात्र वेळ न घालवता वकील लावा. पत्रकातल्या सूचना पाळूनच लावा म्हणजे झालं.

आणि भाच्याकडे पत्र पाठवू नका, फोनवरही नको. रविवारचं वाचनालय आटोपलं की त्याच्या घरी जा, चौथा विनोद काढला एवढं सांगा, जेवायला थांबा. सुधारित पत्रक पिशवीत असेल तर ते पिशवीतच राहू द्या.

– तुमची ताई